विधिसंघर्षग्रस्त मुलं, नुकसान झालेली माणसं आणि पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक

मुठाकाठ (धागाकर्ती)

पुण्यात गेल्या काही वर्षांत एक बातमी फिरून फिरून येते. रात्री दोन-तीन दुचाक्यांवरून पोरं येतात, हातात कोयते-दांडकी, गल्लीत उभ्या असलेल्या गाड्या फोडतात, आरडाओरडा करतात आणि पसार होतात. कधी येरवडा, कधी वारजे, कधी बिबवेवाडी, कधी हडपसर. पकडलेल्यांत सोळा-सतरा वर्षांची मुलं असतात, कायद्याच्या भाषेत 'विधिसंघर्षग्रस्त'. मग त्यांची त्याच गल्लीतून धिंड काढावी म्हणून लोक टाळ्या वाजवतात आणि कायदाच मवाळ आहे अशी चर्चा चार दिवस चालते. पाचव्या दिवशी ज्याची गाडी फुटली तो गॅरेजवाल्याकडे उधारी करत असतो आणि मुलगा बाल न्याय मंडळाच्या, म्हणजे अल्पवयीनांची प्रकरणं ऐकणाऱ्या मंडळाच्या, तारखेची वाट बघत असतो. दोघांची घरं कित्येकदा दोन गल्ल्यांच्या अंतरावर असतात आणि तरी दोघांची गाठ कधीच पडत नाही.

ही गाठ घालून देणारी व्यवस्था शहरानं स्वतःच्या पैशानं उभी करावी, एवढंच मला या धाग्यात मांडायचंय.

जगात याला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात. मुलगा, ज्याचं नुकसान झालं तो माणूस, दोघांच्या घरचे आणि प्रशिक्षण घेतलेली एक मध्यस्थ व्यक्ती एकत्र बसतात. त्याआधी मध्यस्थ दोन्ही घरी अनेकदा जाऊन आलेला असतो. मुलानं केल्याचं कबूल केलेलं असतं. नसेल तर बैठक होतच नाही. नुकसान झालेला माणूस स्वतःच्या इच्छेनं येतो, नाही आला तरी चालतं. काय झालं, कुणाला काय भोगावं लागलं आणि आता ते भरून कसं काढायचं यावर बोलणं होतं. शेवटी लेखी करार, आणि तो पाळला जातो का हे बघायला महिनोन्महिने पाठपुरावा. खरं काम या पाठपुराव्यात असतं.

आजच्या स्वरूपात याची सुरुवात कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या एल्मायरा गावात १९७४ साली झाली असं मानतात. दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली होती. परिवीक्षेचं (प्रोबेशन, म्हणजे कोंडून न ठेवता देखरेखीखाली ठेवण्याचं) काम करणाऱ्यांनी न्यायाधीशांना सुचवलं की या दोघांना प्रत्येक घरी नेऊन समोरासमोर बोलू द्या. न्यायाधीशांनी मानलं, पोरं दारोदार गेली आणि पुढे भरपाईही दिली. प्रकार आपल्याकडच्या तोडफोडीसारखाच आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

परिणाम दिसतात का? सॅन फ्रान्सिस्कोत १३ ते १७ वयाच्या १४३ मुलांवर चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून प्रयोग झाला. घरफोडी, मारहाण, गाडीचोरी असे मध्यम गंभीर गुन्हे होते. ज्यांना खटल्याऐवजी अशा बैठकीची संधी मिळाली त्यांना सहा महिन्यांत पुन्हा अटक होण्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा ४४ टक्क्यांनी कमी निघालं. चार वर्षांनंतरही फरक टिकून होता. प्रयोग छोटा आहे हे मान्य. पण धिंड काढल्यानं मुलं सुधारतात हे कुठल्याच प्रयोगानं दाखवलेलं नाही.

आता पैशाचं. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के देतं. त्यातून बालगृहं, निरीक्षणगृहं (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ती), जिल्हा बाल संरक्षण कक्षातली कंत्राटी माणसं आणि निराधार मुलांना मदत हे चालतं. गृह खात्याचा पैसा पोलिसांकडे जातो. मुलगा पकडला गेल्यावर त्याच्यासाठी गाडी आहे, निरीक्षणगृह आहे, जेवण आहे. घरी परत आल्यावर मात्र त्याच्यासाठी कुणाचाच माणूस नाही. ज्याची काच फुटली त्याच्यासाठी तर पहिल्या दिवसापासूनच नाही. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. त्यातून या मधल्या जागेसाठी काही निघावं का, यावर बोलूया.

वारजेकर

ताई, मी फुटलेल्या गाडीवाल्यांपैकी एक. माझा भाजीचा छोटा टेम्पो आहे. पुढची काच, दोन्ही हेडलाइट, आरसे आणि सीट कोयत्यानं फाडलेली. विमा थर्ड पार्टी. त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही हे मला त्या दिवशी कळलं. गाडी उभी होती तेवढे दिवस मार्केट यार्डला दुसऱ्याच्या टेम्पोत माल टाकून आणला, नफा सगळा भाड्यात गेला. चौकीत जबाब दिला. पुढे काय झालं हे मला आजतागायत कुणी सांगितलं नाही.

आणि तुम्ही म्हणता त्या पोरांवर अजून खर्च करा? माझ्या घरपट्टीतून? सरळ विचारतो, राग मानू नका.

मुठाकाठ

दादा, राग कशाला. तुमच्यासारख्यांनी लिहावं म्हणूनच धागा काढला. तुम्हाला एक विचारते. तो मुलगा कोण हे तुम्हाला माहीत आहे का? आणि समजा समोर बसवला, तर काय विचाराल?

वारजेकर

माहीत आहे की. मागच्या गल्लीतलाच. त्याची आई मला बघून रस्ता बदलते, आधी माझ्याकडनंच भाजी घ्यायची. विचारायचं तर एकच: माझाच टेम्पो का? माझं त्यांच्याशी काही वाकडं नव्हतं. रात्री खट् झालं की अजून बायको उठून खिडकीत जाते. हे विचारून पैसे परत येणार आहेत का, ते सांगा.

काळा_कोट

कायद्याचं थोडं मी सांगतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

बाल न्याय अधिनियम २०१५ लागू झाला जानेवारी २०१६ मध्ये. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात किमान एक महिला. मुलानं गुन्हा केल्याचं चौकशीत सिद्ध झालं की कलम १८ खाली मंडळ काय काय करू शकतं बघा: समज देऊन घरी पाठवणं, मुलाचं आणि पालकांचं समुपदेशन, गट समुपदेशन, एखाद्या संस्थेच्या देखरेखीखाली समाजसेवा, पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर परिवीक्षा आणि सगळ्यात शेवटी विशेष गृह, तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. शाळेत जाण्याचा, व्यसनमुक्ती केंद्रात जाण्याचा, ठरावीक ठिकाणी न फिरकण्याचा आदेशही देता येतो. कलम ३ मधल्या तत्त्वांत मुलाला शक्यतो न्यायालयीन प्रक्रियेबाहेर ठेवणं आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानणं, दोन्ही लिहिलेलं आहे.

म्हणजे दार उघडं आहे. अडचण अशी की मंडळानं 'अमुक संस्थेच्या देखरेखीखाली' असं लिहायचं तर अशी संस्था असावी लागते, तिच्याकडे माणूस असावा लागतो. नसला की समाजसेवेच्या नावाखाली एखाद्या आवारात झाडू मारायला लावतात, सहीचा कागद येतो, प्रकरण बंद.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. बैठकीत मुलानं कबूल केलेलं पुढे त्याच्याविरुद्ध वापरलं जाणार नाही, असं ठोस संरक्षण आपल्या कायद्यात या प्रकारच्या बैठकीला दिलेलं नाही. म्हणून बैठक चौकशी पूर्ण होऊन कलम १८ चा आदेश झाल्यावर, त्याच आदेशाचा भाग म्हणून व्हावी. त्याआधी नको.

तळजाईचा_वाटसरू

पुण्यात बसून हे बोलताना पोर्शे प्रकरण विसरता येईल का? १९ मे २०२४, कल्याणीनगर, अल्पवयीन मुलानं चालवलेल्या पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले आणि मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला, ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून. लोकांना 'सुधारणा' हा शब्द ऐकला की आता तो निबंधच आठवतो. महापालिका पैसे देणार म्हटल्यावर लोक रस्त्यावर येतील.

काळा_कोट

येतील, आणि त्यांचा संताप मला समजतो. पण तो निबंध जामिनाची अट होती. त्यात मृतांच्या कुटुंबांना कुठेच जागा नव्हती. रिस्टोरेटिव्ह पद्धतीत ज्याचं नुकसान झालं त्याला बाजूला ठेवून काही होऊच शकत नाही. शिवाय जीव गेलेली प्रकरणं, लैंगिक अत्याचार, पोक्सो, ॲट्रॉसिटी, यांना महापालिकेच्या अशा योजनेत मी हातही लावू देणार नाही. तिथे समेट हा शब्दसुद्धा पीडितावर दबाव होतो.

जुनी_फाईल

मी परिवीक्षा अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. काळ्या कोटांनी जे लिहिलंय ते कागदावर बरोबर आहे, आता जमिनीवरचं सांगतो.

मुलाला आणल्यापासून दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल मंडळापुढे जायला हवा. त्यासाठी घरी जावं लागतं. पत्ता असा असतो: पाण्याच्या टाकीमागे, मशिदीच्या बोळातून वर, चक्कीशेजारी. पोहोचलं की घराला कुलूप, आई चार घरची धुणीभांडी करायला गेलेली. शेजारी विचारतात, 'कोण, पोलीस का?' आपण 'नाही, नाही' म्हणेपर्यंत बातमी गल्लीभर. आई धावत येते, हात पदराला पुसत, आणि पहिला प्रश्न: 'साहेब, खाडा पडतोय, तारखेला बापानं आलं तर चालंल का?' बाप असला तर. मग पायरीवर बसून अहवालाचे रकाने भरायचे. शाळा कधी सोडली, का सोडली, व्यसन, संगत, घरात भांडणं. ते रकाने खरोखर महत्त्वाचे आहेत, मंडळ ते वाचतं. पण माझ्या सगळ्या नोकरीत ज्याचं डोकं फुटलं किंवा ज्याची गाडी फुटली त्याच्या घरी जायला मला कधी कुणी सांगितलं नाही. तो माझ्या कामाचा भागच नव्हता.

एकदा मात्र जमलं. दोन पोरांनी एका हातगाडीवाल्याला मारलं होतं, हप्ता मागून. वडापावची गाडी, तेलाची कढई ओतून दिलेली. परिवीक्षेचा आदेश झाल्यावर मंडळातल्या बाईंनी सुचवलं म्हणून आम्ही त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, येतो, पण माझ्या बायकोलाही आणणार. पालिकेच्या शाळेच्या एका वर्गात बसलो, बाकं भिंतीला लावून. तो माणूस मारावर फार बोललाच नाही. तो म्हणाला, 'कढई ओतली तेव्हा पोरगी गाडीखाली बसून अभ्यास करत होती. तेल चार बोटं लांब पडलं.' दोघा पोरांना ती मुलगी तिथे होती हेच माहीत नव्हतं. एकाचा चेहरा पार उतरला. दुसरा खाली मान घालून बसला, शेवटपर्यंत काही बोलला नाही. ठरलं असं की शाळा सुटल्यावर दोघांनी पालिकेच्या उद्यानात देखरेखीखाली काम करायचं आणि कढई-स्टोव्हचे पैसे दोन्ही घरांनी हप्त्यानं द्यायचे. पहिल्यानं सगळं पाळलं. दुसरा पुढे पुन्हा एका मारामारीत सापडला.

दोन्ही सांगितलं कारण दोन्ही घडलं. आणि हे सगळं आम्ही नोकरीच्या वेळेबाहेर, स्वतःच्या पेट्रोलवर केलं. बदली झाली आणि बंद पडलं. अशा कामाला पगारी माणूस लागतो, त्याशिवाय ते टिकत नाही.

पर्वती_पायथा

मी वस्तीत बचत गटाचं काम करते. तीन गोष्टी सांगायच्या आहेत आणि त्या जरा कडू आहेत.

'मिटवून टाका' हे आमच्याकडे रोज चालतं. त्याला शासनाची योजना लागत नाही. भाई बोलावतो, दोन्हीकडून ऐकून घेतो, एकाला पाच हजार द्यायला लावतो, त्यातले दोन स्वतः ठेवतो. ज्याच्यामागे जात आणि माणसं जास्त, त्याच्या बाजूनं निकाल. जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला तो उगाच नाही. आता त्याच खोलीत पालिकेचा फलक लावून बैठक घेतली आणि खुर्चीत तोच भाई किंवा त्याचा नगरसेवक बसला तर काय? आम्ही कुणाकडे जायचं?

पोरांनी भरपाई द्यायची म्हणजे आईनं द्यायची. माझ्याच गटातल्या बाईनं पोराच्या प्रकरणात वकिलासाठी कर्ज काढलंय, हप्ते अजून चालू आहेत. जुनी_फाईल काका, 'दोन्ही घरांनी हप्त्यानं' हे वाचून मला त्या घरातल्या बाया दिसल्या.

आणि धिंड. पोराला दोरीनं बांधून त्याच्या बहिणीसमोरनं फिरवतात. अल्पवयीन मुलाची ओळख उघड करायची नाही असं कायद्यात आहे ना? मग व्हिडिओ कसे फिरतात? त्या पोराला मग भाईच जवळ घेतो. म्हणतो, 'आता तू आपला.'

काळा_कोट

ताई, आहे. कलम ७४. नाव, पत्ता, शाळा, चेहरा, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही आणि केल्यास शिक्षा आहे. तुमचा कर्जाचा मुद्दा फार मोलाचा आहे.

सांगलीचा_माणूस

पुण्याच्या विषयात बोलू का? आमच्याकडचा अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

आर. आर. आबांनी गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. मी गावच्या समितीत होतो. मोहीम मनापासून चालली, बांधाबांधाची भांडणं, भाऊबंदकी, वर्षानुवर्षांच्या तारखा खरंच मिटल्या. दोन भाऊ एका ताटात जेवलेले मी बघितलेत. पण गावाला बक्षीस होतं आणि गुण होते, मिटवलेल्या तंट्यांवर. शेवटी शेवटी आकडा वाढवायची घाई सुरू झाली. ज्या बाईला नवऱ्यानं मारलंय तिलाही 'गावाचं बक्षीस जाईल' असं म्हणणारे निघाले. चांगली माणसंही म्हणू लागली.

म्हणून माझं एकच सांगणं: पुणे महापालिकेनं पैसे जरूर द्यावेत, पण किती समेट झाले या आकड्यावर देऊ नयेत. आकडा आला की माणूस मागे पडतो. समेट झाला नाही तरी मध्यस्थाचा पगार निघाला पाहिजे, तरच तो समोरच्या बाईला 'तुम्ही नाही म्हणू शकता' असं मोकळेपणानं सांगेल.

मुठाकाठ

सांगलीकर, हे मी मूळ लेखातच लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. निधीची अट म्हणून पहिल्या क्रमांकावर घेते.

ऑकलंडकर

मूळचा सदाशिव पेठेतला, आता बरीच वर्षं न्यूझीलंडमध्ये, शाळेत शिकवतो. इथे १९८९ च्या कायद्यानं फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स, म्हणजे कुटुंबाला घेऊन होणारी बैठक, आली. माओरी समाजाचं (इथले मूळ रहिवासी) म्हणणं होतं की आमची मुलं उचलून सरकारी संस्थांत टाकू नका, आमच्या विस्तारित कुटुंबाला निर्णयात बसवा. त्याच रेट्यातून हा कायदा झाला. गुन्हा नाकारला नसेल तर बहुतेक गंभीर प्रकरणांत शिक्षेआधी ही बैठक घ्यावीच लागते. किरकोळ प्रकरणं पोलिसांचं युवा पथक न्यायालयाबाहेरच निस्तरतं. खून-मनुष्यवधासारखी प्रकरणं मात्र युवा न्यायालयाच्या बाहेर.

समन्वयक सरकारी पगारावर असतो, कंत्राटदार नसतो. बैठकीत बोललेलं पुरावा म्हणून वापरता येत नाही, ते कायद्यातच आहे. मधे एक वेळ अशी असते की समन्वयक आणि पोलीस खोलीबाहेर जातात आणि फक्त कुटुंब बसून योजना ठरवतं. मग सगळे परत आत येतात आणि नुकसान झालेल्या माणसाला ती मान्य आहे का ते बघतात. माझ्या एका विद्यार्थ्यासाठी शिक्षक म्हणून मी गेलो होतो. आजी सगळ्यांत कडक होती. पोलिसानं सुचवलं त्याच्या दुप्पट काम तिनं नातवाला लावलं.

सगळं गोड आहे असं समजू नका. माओरी मुलांचं प्रमाण व्यवस्थेत अजून फार जास्त आहे. बैठकीला बरेचदा नुकसान झालेली माणसं येत नाहीत. २०२४ मध्ये सरकारनं लष्करी शिस्तीची शिबिरं पुन्हा प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. म्हणजे वाद इथेही रोज आहे. पण सरकार कुठल्याही पक्षाचं आलं तरी बैठकीचा कायदा आणि त्याचा पैसा पस्तीस वर्षं टिकला.

हिशेबनीस

मी एका महापालिकेच्या लेखा विभागात काम केलंय, कुठली ते राहू द्या. पैशाचं बोलणं जितकं मोघम तितकी योजना लवकर मरते, म्हणून आकडे मांडतो. आकडे माझे अंदाजाचे, पण हिशेब तपासता येईल.

पुण्यात १५ क्षेत्रीय कार्यालयं. प्रत्येकी दोन मध्यस्थ, एक बाई एक पुरुष. महिना ४० हजार धरले तर वर्षाला एक कोटी ४४ लाख. प्रशिक्षण, प्रवास, दोन मानसोपचारतज्ज्ञ, कार्यालयीन खर्च मिळून ८० लाख धरा. पर्वती_पायथा ताईंनी कर्जाचं लिहिलंय ते लक्षात घेऊन ५० लाखांचा दुरुस्ती निधी वेगळा: नुकसान झालेल्याला लगेच पैसे मिळावेत आणि मुलानं ते देखरेखीखालच्या समाजसेवेतून फेडावेत, आईच्या पगारातून नव्हे. हे झाले पावणेतीन कोटी. तीन धरा. १२,६१८ कोटींच्या अंदाजपत्रकात शंभर रुपयांमागे अडीच पैसेही होत नाहीत.

लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात हा खर्च कुठल्या नावाखाली दाखवायचा ते, शोधायला लांब जायला नको. महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के निधी ठेवायचा असतो. त्यातून शिवणकाम, ब्यूटी पार्लरचे वर्ग, साहित्य वाटप होतं, करायलाच हवं. पण सोळा-सतरा वर्षांची मुलंही बालकल्याणातच येतात.

आता धोका. समाज विकास विभागानं याची निविदा काढली की कमीत कमी दराला काम जाईल. संस्था ११ महिन्यांच्या करारावर १५ हजारांत माणसं ठेवेल. माणूस शिकेपर्यंत करार संपेल. बिल मार्चपर्यंत अडकेल आणि पगार तीन महिने होणार नाही. मुलाशी ओळख जुळायलाच चार महिने लागतात. म्हणून पगार थेट पालिकेच्या आस्थापनेवर किंवा किमान तीन वर्षांचा करार, दर महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार. हे जमणार नसेल तर योजना सुरूच करू नये, उगाच मुलांची आणि लोकांची आशा लावून सोडून देण्यापेक्षा.

तळजाईचा_वाटसरू

पण हे राज्याचं काम ना? बाल न्याय कायद्याच्या कलम १०५ मध्ये राज्याला बाल न्याय निधी उभारता येतो असं आहे. महापालिकेनं रस्ते, पाणी, कचरा बघावा.

हिशेबनीस

राज्यानं करावंच. पण रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांना, चौकातल्या पोलीस चौकीच्या शेडला, वस्तीतल्या व्यायामशाळेला पालिकेचे पैसे जातात तेव्हा आपण 'हे गृह खात्याचं' म्हणत नाही. शहराच्या सुरक्षिततेवर शहर खर्च करतंच आहे. मध्यस्थाचा पगार त्याच खर्चात बसतो.

जुनी_फाईल

शिवाय मंडळ येरवड्यात आणि पोरगं कात्रजला. राज्याचा माणूस जिल्ह्याला एक-दोन. वॉर्डातली शाळा, दवाखाना, उद्यान, समाजमंदिर, अभ्यासिका सगळी पालिकेची. मुलाला पुन्हा शाळेत घ्यायचं तर पालिकेच्याच मुख्याध्यापकांना भेटावं लागतं. काम करून घ्यायचं ते पालिकेच्याच उद्यानात. राज्यानं ठरवलं तरी हात पालिकेचेच लागतात.

वारजेकर

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. दुरुस्तीचे पैसे लगेच आणि पोरगं काम करून फेडेल, हे मला पटतं. त्याच्या आईकडून मला नकोत. ती कुठून देणार?

पण बैठकीला बोलावलंत आणि पोरगं नुसतं 'सॉरी' म्हणून निघून गेलं तर मी दुसऱ्यांदा फसलो असं होईल. त्याचं काय?

जुनी_फाईल

म्हणूनच आधी घरी जायचं, दादा. पोरगं मनानं तयार नसेल तर बैठक ठेवायचीच नाही. आणि ठरलेलं पाळलं नाही तर परिवीक्षा अधिकाऱ्यानं मंडळाला कळवायचं, मंडळ आदेश बदलू शकतं. तुम्हालाही लेखी कळवायचं, की काय पाळलं, काय नाही. चौकीतून तुम्हाला काहीच कळलं नाही ना, ते इथे होता कामा नये.

पर्वती_पायथा

मध्यस्थ त्याच वॉर्डातल्या कुठल्याही पक्षाचा पदाधिकारी नसावा. त्याच्या घरातलाही नसावा. निवड मंडळाच्या संमतीनं. आणि त्यात वस्तीत वाढलेल्या बाया-पोरं असू देत. समाजकार्याची पदवी नसली तरी शिकवता येतं. बाहेरचा शिकलेला माणूस पायरीवर बसायला बिचकतो, आणि आमच्या पोरांना ते लगेच कळतं.

ऑकलंडकर

याला माझं पूर्ण अनुमोदन. भाषा आणि ओळख फार काम करते. पण त्याच गल्लीतली व्यक्ती त्याच गल्लीच्या प्रकरणाला देऊ नका. शेजारच्या वॉर्डातली द्या. गुपित राखणं सोपं जातं.

मुठाकाठ

सगळ्यांचं धरून मसुदा लिहायला घेतलाय. पहिल्या वर्षी पंधराही क्षेत्रीय कार्यालयं नकोत असं मला आता वाटतंय. येरवडा, वारजे आणि धनकवडी या तिघांपासून सुरुवात, तीन वर्षांच्या हमीसह. प्रकरणं फक्त मंडळाच्या आदेशानं. जीवितहानी, लैंगिक गुन्हे, ॲट्रॉसिटी वगळून. पैसे समेटांच्या संख्येवर नाहीत. दुरुस्ती निधी वेगळा. दर सहा महिन्यांनी नावांशिवाय अहवाल: किती माणसांना विचारलं, किती नाही म्हणाली, किती करार अर्धवट राहिले. अर्धवट राहिलेल्यांचा आकडा लपवला तर निधी थांबवावा, असंही लिहिलंय.

२०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं पुण्याला सभागृहच नव्हतं. अशा मागण्या प्रशासकाच्या टेबलावर पडून राहिल्या. म्हणून नुसता ईमेल नको. महिला व बालकल्याण समिती, समाज विकास विभाग आणि बाल न्याय मंडळ तिघांना प्रत, पोचपावतीसह. काळा_कोट, कलमं तुम्ही तपासून द्याल का?

काळा_कोट

देतो. 'समेट' हा शब्द मसुद्यात कुठेही 'प्रकरण मागे घेणे' या अर्थानं येता कामा नये. मंडळाचा अधिकार मंडळाकडेच राहील हे पहिल्याच परिच्छेदात लिहा, नाहीतर विधी विभाग तिथेच अडवेल. कलम ९९ प्रमाणे अहवाल गोपनीय असतात, मध्यस्थाच्या नोंदींनाही तोच नियम लावा.

हिशेबनीस

पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक आयुक्त साधारण जानेवारी-मार्चमध्ये मांडतात. खात्यांच्या मागण्या त्याच्या बऱ्याच आधी गोळा होतात. दिवाळीच्या आत अर्ज आत गेला पाहिजे, नंतर गेला तर तो पुढच्या वर्षाच्या फाईलला लागतो.

वारजेकर

माझी सही धरा. माझ्या गल्लीतल्या ज्यांच्या गाड्या फुटल्या त्यांनाही विचारतो, चार-पाच जण तरी देतील. एक वाक्य माझ्याकडनं घाला: बैठकीला येणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती द्यावी. आणि पोराच्या आईचीही.

पर्वती_पायथा

घालाच. आणि मसुदा वाचायला भेटायचं तर रात्री आठनंतर ठेवा. बाया तोवर कामावरून सुटत नाहीत.

मुठाकाठ

दोन्ही घातलं. शनिवारी रात्री साडेआठ, जागा व्यक्तिगत निरोपातून कळवते. ज्यांना यायचंय त्यांनी इथे फक्त 'येतो' किंवा 'येते' लिहा, फोन नंबर टाकू नका.